गावाच्या वायरीतून आलेली गुरुदीक्षा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी केबलच्या धंद्यात पडलो, तेव्हा कोकणात वडिलांना नेमके काय कळवावे हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न होता. नोकरी म्हणावी तर ती नव्हती आणि दुकान म्हणावे तर हातात धरून दाखवता येईल असे विकायला काही नव्हते. मी राहत होतो मुंबईच्या उत्तरेला, आचोळ्यात, रंगाचा वास अजून न गेलेल्या एका इमारतीत. धंदा मात्र रेल्वेच्या पलीकडे, पश्चिमेच्या वाड्यांमधल्या एका जुन्या गावात होता, कारण माझा भागीदार त्या गावचा होता. त्याच्या घराच्या गच्चीवर आम्ही मोठी डिश बसवली. गाव तिला छत्री म्हणू लागले. पावसात उपयोग नाही आणि उन्हात सावली नाही अशी ही कसली छत्री, असे म्हणत भागीदाराच्या मावशीने पहिल्याच उन्हाळ्यात तिच्याखाली मासे वाळत घातले होते.

छत्रीपासून निघालेली वायर नारळाच्या झाडांवरून आणि विहिरींच्या रहाटांवरून जात एकेका घरात शिरली. त्या वायरीत मला त्या वयात जे जाणवले, ते आजही पुरते विरलेले नाही. आकाशातून आलेले एक चित्र आम्ही गच्चीवर पकडत होतो आणि ते शंभर घरांत एकाच क्षणी पोचत होते. एकशे एकावे घर जोडले, तरी आधीच्या घरांचे काही कमी होत नव्हते. फार तर शेवटच्या घरात पडद्यावर मुंग्या दिसायच्या. मग वाटेत एखादा अँप्लिफायर बसवला की मुंग्या नाहीशा. ज्यात कितीही माणसे वाटेकरी झाली तरी वाटा लहान होत नाही, असे दुसरे काही मी तोवर पाहिले नव्हते.

या विस्मयाच्या जोडीला एक खंतही होती आणि ती सांगायला हवी. तिन्हीसांजेला या ख्रिस्ती गावात घराघरांतून रोजरीचा, जपमाळेच्या प्रार्थनेचा, आवाज यायचा. माणसे ओटीवर बसून प्रार्थना म्हणायची आणि एका घरातला आवाज दुसऱ्या घराच्या आवाजाला लागून चालायचा. आमची वायर आल्यावर तो हळूहळू विरळ झाला. याबद्दल कोणी मला बोल लावला नाही. पण वायर मीच ओढली होती आणि तिच्यातून काय वाहते याचा विचार मी क्वचितच करत होतो. चित्र स्वच्छ दिसते ना, एवढेच मी दारात उभा राहून विचारायचो.

धंदा वाढला तो आमच्या कर्तबगारीने नव्हे. वाहिन्या वाढत गेल्या. मग मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने जाडजूड फायबर केबल उत्तरेकडे आणली आणि आमच्यासारख्या छोट्या ऑपरेटरांना एकेक करून जोडून घेतले. छत्र्या गंजल्या. जे चित्र आम्ही आकाशातून पकडत होतो, ते आता जमिनीखालून तयार होऊन यायचे आणि आम्ही फक्त पुढे पोचवायचो. दोन हजारनंतर त्याच वाटेने इंटरनेट आले. गावातली मुले आखातात, बोटींवर, कॅनडात, इटलीत होती आणि मागे राहिलेल्या घरांना त्यांचे चेहरे पाहायचे होते. आम्ही कंपनीकडून एक लाइन घेतली आणि तीच घरोघर वाटली. भागीदार लोकांना सांगायचा, "केबलसारखंच आहे हो, फक्त ह्यात तुम्ही पन बोलू शकता." मीही तसेच समजत होतो.

छत्रीखाली मासे वाळत घालणाऱ्या त्याच मावशींचा धाकटा मुलगा धर्मगुरू होण्यासाठी शिकत होता आणि शेवटची वर्षे युरोपात होता. गुरुदीक्षा तिथेच होणार असे ठरले. मावशींचा नवरा कधीच गेला होता. मोठ्या मुलीने कागदपत्रे जमवली, व्हिसा झाला, नवी साडी आली. आणि मग निघायच्या काही आठवडे आधी मावशी विहिरीच्या ओल्या दगडावरून घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. डॉक्टरांनी प्रवासाचे नावही काढू दिले नाही. मुलगी एकटी गेली.

मी भेटायला गेलो तेव्हा मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. भागीदार त्यांच्या पायाशी बसला होता.

"दुखतंय का फार?" मी विचारले.

"हाड दुखतंय ते दुखू दे," त्या म्हणाल्या. "बाबा, तुला आमचं म्हाईत नाय. दीक्षा घेताना पोरगा अल्तारापुढं, वेदीपुढं, पालथा पडतो. जमिनीला नाक लावून. सगळे संत हाकारतात तवा. तो जगाला मेला आनि देवाचा झाला, असं असतं ते. तवा आई-बाप त्याच्या मागं बसलेले असतात, पयल्या बाकावर. ह्याचा बाप नाय. पोरगी गेलीय, पन ती भैन, आई नाय. मी हितं पडलेली. त्याच्या मागं कोन?"

उत्तर भागीदाराला सुचले. त्या चर्चमधला विधी इंटरनेटवर दाखवणार होते. मुलाने तसे फोनवर सांगितले होते, पत्ताही दिला होता.

"मावशे, तुझ्या उशाशी कॉम्प्युटर आणून ठेवतो. तू पयल्या बाकावर बसल्यासारखी बघशील."

"दिसनार? नक्की?"

भागीदाराने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "दिसणार, मावशी." आणि ते मी मनापासून म्हणालो.

त्या गावात आनंदाची गोष्ट कोणी एकट्याने साजरी करत नाही. छापील पत्रिका असली, तरी घरातल्या दोघांनी दारोदार जाऊन तोंडाने आवतण द्यावे लागते, आणि एखादे घर सुटले तर पुढच्या पिढीपर्यंत त्याची आठवण काढली जाते. गावातला मुलगा धर्मगुरू होतो हा तर साऱ्या गावाचा मान. पण विधी सातासमुद्रापलीकडे, मावशींची खोली लहान, आणि त्या अंथरुणावर. मग आवतण कशाचे द्यायचे? भागीदार आणि त्याची बायको घरोघर गेली आणि त्यांनी त्या संकेतस्थळाच्या पत्त्याचे आवतण दिले. "रविवारी दुपारी आपापल्या घरी लावा. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाय, त्यांनी शेजारी जा. पन बघा." शेजारच्या दोन गावांतल्या सोयऱ्यांनाही आवतण गेले. तीही गावे आमच्याच लाइनवर होती. काहींनी तर त्या रविवारसाठी नवीन जोडणी घेतली आणि मी स्वतः शिडीवर चढून ती लावली. आपल्या वायरीतून या वेळी काहीतरी पवित्र जाणार आहे, याचे मला अप्रूप होते. खरे म्हणजे ते मला हवेच होते.

तो ऑक्टोबरमधला रविवार होता. आमच्याकडे दुपार आणि तिकडे सकाळ. भागीदार मावशींच्या उशाशी बसला. मी गावाच्या वेशीजवळच्या आमच्या कंट्रोल रूममध्ये होतो. कंट्रोल रूम म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली, तीत यंत्रांचे दोन रॅक, एक पंखा आणि आमचे लोकल चॅनेल चालवणारा एक जुना कॉम्प्युटर. त्यावर आम्ही एरवी सिनेमे आणि गावच्या क्रिकेटच्या स्पर्धा लावायचो.

पहिली काही मिनिटे सगळे नीट चालले. भागीदार मोबाइलवर सांगत होता, "मिरवणूक निघाली. बिशप आले. आपला पोरगा दिसला! पांढरा झगा. मावशी रडतेय." आणि मग त्याचा आवाज बदलला. "थांबलं."

"काय थांबलं?"

"चित्र. गाणाऱ्यांची तोंडं उघडी राहिली तशीच. खाली गोल फिरतंय."

मी त्याला पान पुन्हा उघडायला सांगितले. पान उघडलेच नाही. तेवढ्यात कंट्रोल रूमचा फोन वाजू लागला. या घरी थांबलंय, त्या घरी थांबलंय, शेजारच्या गावात सुरूच झालं नाही. एक ओळखीचा म्हातारा ओरडला, "अरे, आवतन देऊन दार लावून घेतलंस काय?"

मी कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसात फोन लावला. रविवारी ड्युटीवर असलेला मुलगा सभ्य होता. त्याने त्याच्याकडे काहीतरी पाहिले आणि म्हणाला, "सर, तुमच्या लाइनला काही झालेलं नाही. ती भरलीय. तुमच्याकडचे सगळे एकच गोष्ट मागतायत, पण प्रत्येक जण आपापली वेगळी प्रत मागतोय. तिकडून तेच चित्र प्रत्येकासाठी पुन्हा पुन्हा येतंय. एवढ्याशा लाइनीत ते मावणार कसं?"

मी रिसीव्हर खाली ठेवला. मी ज्या एका गोष्टीवर इतकी वर्षे विसंबलो होतो, ती या वायरीला लागू नव्हती. केबलवर शंभर घरे म्हणजे एकच चित्र. इथे शंभर घरे म्हणजे शंभर चित्रे, आणि ती सगळी अर्ध्या जगावरून ओढून आणायची. आम्ही प्रेमाने जितकी आवतणे दिली, तितके एकमेकांच्या वाटेत उभे राहिलो. ही चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाने केली नसती. केबलवाल्यानेच केली असती.

मोबाइलवर भागीदार होता. "काहीतरी कर रे. अजून प्रवचन चाललं असेल. ते संपलं की लितानी सुरू होनार. लितानी म्हणजे तेच, पालथं पडतात ते. मावशी मला विचारतेय, झालं काय, झालं काय."

माझी नजर त्या जुन्या कॉम्प्युटरवर गेली. त्याच्या मागून निघालेली वायर लोकल चॅनेलच्या यंत्रात जात होती आणि तिथून तिन्ही गावांतल्या प्रत्येक टीव्हीपर्यंत. युरोपातून चित्र एकदाच आणायचे. फक्त इथे. मग पुढे ते आमच्या जुन्या पद्धतीने जाऊ द्यायचे.

"मी सगळ्यांचं इंटरनेट तोडतोय," मी म्हणालो.

"सगळ्यांचं? येडा झालास काय? आख्खं गाव मारायला येईल."

"येऊ दे. त्याशिवाय लाइन मोकळी होणार नाही."

"आणि मावशीचं?"

"तेही. मावशींचा टीव्ही चालतो ना?"

"चालतो. त्याच्यावर फडका टाकलाय."

"फडका काढ. लोकल चॅनेल लाव. आणि गल्लीत जाऊन ओरड. टीव्ही लावा म्हणावं सगळ्यांना."

इंटरनेटच्या सगळ्या वायरी एका डब्यातून निघत होत्या. मी एकेक करून त्या उपसल्या. प्रत्येक वायरीबरोबर डब्यावरचा एक हिरवा दिवा विझत होता आणि प्रत्येक दिवा म्हणजे माझ्या ओळखीचे एक घर होते. ज्यांच्या दारात मी त्याच आठवड्यात शिडी लावली होती, ती घरेही त्यांत होती. शेवटी एकच दिवा उरला, आमच्या कॉम्प्युटरचा. मी तो पत्ता उघडला. गोल फिरले, थांबले, पुन्हा फिरले. आणि मग पडदा भरून एक उंच, उजळ चर्च उघडले. वाटेत कसलाही अडथळा नसावा, तसे.

चालू असलेला सिनेमा काढून मी ते चित्र लोकल चॅनेलवर सोडले. टीव्हीच्या पडद्याखाली एरवी साडीच्या सेलची पट्टी फिरायची. तिच्या जागी घाईघाईने लिहिले: "दीक्षा येथे पाहा. शेजाऱ्यांना सांगा."

मोबाइलवरून भागीदाराचे ओरडणे ऐकू येत होते. "टीव्ही लावा! लोकल लावा! कॉम्प्युटर सोडा, टीव्ही लावा!" एका बाईचा आवाज आला, "कुठल्या नंबरला?" आणि त्याचा, "जिथं रोज पिक्चर बघतेस तिथंच गो!"

यंत्रे नीट चालली आहेत असे पाहून मी खोलीला कुलूप लावले आणि मावशींच्या घराकडे चालू लागलो. लितानी सुरू झाली होती. एक जण संताचे नाव गात होता आणि सारे चर्च त्याला उत्तर देत होते. भाषा मला कळत नव्हती. पहिल्या घराच्या खिडकीतून ते गाणे ऐकू आले. ते मागे पडायच्या आत दुसऱ्या घरातून तीच ओळ पुढे सुरू होती, मग तिसऱ्या. बावखलाच्या, म्हणजे गावातल्या तळ्याच्या, काठाने, केळींच्या मधून, गल्लीच्या वळणावर, कुठेही ते तुटले नाही. कोणी पुढे नव्हते, कोणी मागे नव्हते. एका ओटीवर लोक दाटीवाटीने बसून आतल्या टीव्हीकडे पाहत होते आणि आपल्या बोलीत उत्तर देत होते. माझी चाल मंदावली. हे घडवण्याइतका मी मोठा नव्हतो, हे मला ठाऊक होते. मी फक्त काही वायरी उपसल्या होत्या. आपल्या हातून गेलेली एखादी गोष्ट आपण न मागता थोडा वेळ परत मिळावी, तसे मला वाटत होते.

पुढे काही वर्षांनी कळले की त्या दुपारी आम्ही जे अडखळत केले, त्याच्यावर जगात केवढा तरी व्यापार उभा राहत होता. कंपनीचा एक इंजिनियर आमच्याकडे एक चपटी लोखंडी पेटी बसवायला आला. लोक जे पुन्हा पुन्हा पाहतात, त्याची एक प्रत या पेटीत राहील, म्हणाला. मग ते दर वेळी समुद्रापलीकडून आणावे लागणार नाही. त्याच आठवड्यात मी काही कामाने कामणच्या रस्त्याने भिवंडीकडे चाललो होतो. दोन्ही बाजूंना गोदामे उभी राहत होती. साबण, चहा, औषधे. त्यातले तिथे काहीच बनत नव्हते, पण गिऱ्हाईक जवळ होते म्हणून माल जवळ आणून ठेवला होता. मला ती पेटी आठवली आणि मी स्कूटर बाजूला घेतली. गाण्यांची, सिनेमांची, प्रवचनांची अशी गोदामे शहराशहरांत बांधली जात होती. त्यांना ना छप्पर होते ना ट्रक. घरबसल्या एक बटण दाबणाऱ्या माणसाला वाटायचे की चित्र थेट दुरून आले, आणि ते येत असायचे पलीकडच्या गल्लीतून. या कारभाराचा आवाका माझ्या डोक्यात मावेना. आजही मावत नाही. बाजार म्हणजे हाव, असे मी पुष्कळदा म्हणत आलो आहे आणि माझ्याबाबतीत ते बरेचसे खरेही आहे. पण माणसाला हवी असलेली गोष्ट त्याच्या जवळ कशी आणून ठेवावी, या एका प्रश्नावर इतक्या अनोळखी माणसांनी इतकी मेहनत केली, हे कळल्यापासून मी तसे म्हणताना अडखळतो.

त्या दुपारी मात्र मला यातले काही ठाऊक नव्हते. मी मावशींच्या दारात पोचलो तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भागीदाराने मान हलवून मला आत बोलावले. मावशींना उशा लावून बसवले होते. टीव्हीवर चर्चच्या मागच्या बाजूने घेतलेले चित्र होते. संगमरवरी जमिनीवर चार तरुण पालथे पडले होते. डोकी अल्ताराकडे, पाय आपल्याकडे.

"कुठला गो आपला?" एका म्हातारीने विचारले.

"डावीकडून दुसरा," मावशी म्हणाल्या. त्यांना चेहरा दिसत नव्हता. कोणालाच दिसत नव्हता. त्या नजर न हलवता पाहत होत्या आणि प्रत्येक संताच्या नावाला ओठ हलवत होत्या. मग मध्येच थांबल्या. "त्याच्या बुटाला काय लागलंय?"

"कुठं काय?" भागीदार पुढे वाकला. डाव्या बुटाच्या तळव्यावर एक पांढरा ठिपका होता. "चित्रातला डाग आहे, मावशे. लांबून येतंय ना."

"डाग बाकीच्यांच्या बुटाला नाय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा ओठ हलवू लागल्या.

मुले उठली. बिशपांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवले. नव्या धर्मगुरूंनी पहिला आशीर्वाद दिला तेव्हा ओटीवरची माणसे जिथे होती तिथे गुडघ्यांवर बसली. मावशींना ते जमण्यासारखे नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी चादर घट्ट धरली आणि मान खाली घातली. मला या विधीतले काही येत नाही. मीही मान खाली घातली.

तासाभराने मुलाचा फोन आला. भागीदाराने मोबाइल मावशींच्या कानाशी धरला, आवाज मोठा करून. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होते.

"आई, दिसलं का गो? इथं म्हणतात मधेच इंडियातून एकच जन बघत होता. बाकीचे एकदम गेले. मला वाटलं, लाइट गेली असेल."

मावशींनी मोबाइलला गाल टेकला.

"आई? नाय दिसलं?" त्याचा आवाज खाली गेला. "जाऊ दे. फोटो पाठवतो."

"डावा बूट बघ," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"खाली. तळव्याला. दुकानातला कागद काढला नायस."

फोनमध्ये खसखस झाली. तो बहुधा एका पायावर उभा राहून बूट काढत होता. कोणीतरी त्याला परक्या भाषेत काहीतरी विचारत होते. मग फोन कट झाला असे वाटून भागीदाराने मोबाइल हलवून पाहिला.

"आहे," शेवटी तो म्हणाला. हसत होता की रडत होता ते कळत नव्हते. "किमतीचं लेबल. आई, इथं कोनी सांगितलं नाय मला. ताई पन नुसती रडत होती."

"कोन सांगेल?" मावशी म्हणाल्या. "मागं मी होते."